लाइनवर कोणीतरी आहे

जगात आमच्या मामेसासऱ्यांनी ज्याच्यावर संशय घेतला नाही असा माणूस एकच आहे, आणि तो अजून जन्माला यायचा आहे. माझ्यावर तर त्यांनी लग्न ठरायच्या आधीपासून घेतला. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. पहिल्या भेटीत मी गोंदियाच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो म्हणून सांगितलं, तेव्हा मामाजींनी मान डोलावली, चहा संपवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसले. तास संपेपर्यंत हलले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "शिकवता बा खरंच." मग लग्न ठरलं. पण विषय तिथे मिटला असं कोणी समजू नये. लग्नाला बावीस वर्षं झाली, तरी वर्षातून एकदा जेवता जेवता ते सहज विचारल्यासारखं विचारतात, "अजून शिकवून राहिले ना जी, जवाई?"

मामाजींचं गाव बिरसीच्या अंगाला. घरी धानाची शेती, पण स्वतः त्यांनी जन्मभर नोकरी केली ती टेलिफोनात, मेकॅनिक म्हणून. निवृत्त होऊन शेतावर राहायला गेले, आणि गेल्याबरोबर त्यांच्या डोक्यावरून विमानं फिरायला लागली. बिरसीच्या विमानतळावरून विमान चालवायला शिकणारी पोरं आकाशात घिरट्या घालतात हे गावातल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक आहे. मामाजींना ते पटत नाही. "शिकाचंच हाये त आभाळ येवढं मोठं पडलं हाये. रोज माह्याच धानाच्या बांधीवरून काऊन जाते इमान?" असा त्यांचा सवाल. धानाची रोपं लावायच्या, रोवणीच्या दिवसांत विमानाची घरघर ऐकू आली की बाया मान वर करून बघतात, आणि मामाजी कोरड्या आभाळाखाली छत्री उघडून उभे राहतात. वरून चेहरा ओळखू येऊ नये, म्हणून.

त्यांच्या मोबाइलच्या दोन्ही कॅमेऱ्यांना मामींच्या टिकल्या लावलेल्या आहेत, पुढच्याला लहान आणि मागच्याला मोठी. बँकेचा ओटीपी आला की तो मनात वाचतात आणि तोंडाने मोठ्यांदा भलताच आकडा म्हणतात, ऐकणारा फसावा म्हणून. चहाच्या टपरीवर कोणी नाव विचारलं तर शेजाऱ्याचं सांगतात. आणि त्यांचा फोन आला की आधी "हॅलो" ऐकू येत नाही. आधी खाकरणं येतं, एक लांब आणि दोन आखूड. एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांच्या खोलीत ॲसिडच्या वासाने घसा धरायचा, तेव्हापासूनचं ते खाकरणं. घसा केव्हाच बरा झाला, पण सवयीला आता कारण मिळालं आहे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "लाइनवर जो कोनी हाये, त्याले मालूम पडाले पायजे का आपल्याले मालूम हाये." मग दोन क्षण थांबून ते पलीकडून कोणी उलट खाकरतं का ते ऐकतात, आणि त्यानंतर कुठे विचारतात, की आमची लेक पुण्याला सुखरूप पोचली का.

अशा माणसाला मी अनकॉन्फरन्सला नेलं, ही चूक सर्वस्वी माझी. अनकॉन्फरन्स म्हणजे कार्यक्रम न ठरवता केलेला कार्यक्रम. तंत्रज्ञानाची हौस असलेली माणसं एका सुटीच्या दिवशी जमतात. प्रमुख पाहुणा नाही, व्यासपीठ नाही, पत्रिका नाही. भिंतीवर एक कोरा फळा असतो, त्यावर खोल्या आणि वेळा यांचे रकाने आखलेले. ज्याला जे येतं किंवा ज्याला जे विचारायचं आहे ते त्याने चिठ्ठीवर लिहून एका रकान्यात चिकटवायचं आणि त्या वेळी त्या खोलीत जाऊन बोलायचं. नियम म्हणाल तर एकच: कंटाळा आला की कोणीही, केव्हाही, उठून दुसरीकडे जावं, कोणी अडवायचं नाही, कोणी रागवायचं नाही. नागपूरला असा एक मेळावा होता, आणि मामाजींना त्याच्या आदल्या दिवशी तिथेच डोळे दाखवायचे होते. म्हटलं, एका फेरीत दोन्ही होईल. मामाजी सकाळपासून भिंतीला पाठ लावून बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्णनं खिशातल्या डायरीत उतरवत राहिले.

परतीच्या गाडीत त्यांनी निकाल दिला. "जवाई, हे खरे लोक नाहीत. संध्याकाळपावतर थांबलो मी. आता डबे-बादल्या विकाले काढतील, मंग काढतील. सभासद करतील, खाली दोन मानसं जोडा म्हनतील. काहीच नाही विकलं. हेच त बराबर नाही." मी म्हणालो, अहो, काही लोकांना आपल्याला येतं ते दुसऱ्याला सांगायला आवडतं. तुमसर स्टेशन मागे गेल्यावर मामाजी, डब्यात कोण कोण आहे ते एकदा नीट पाहून घेऊन, हलक्या आवाजात म्हणाले, "सांगनारा असला का ऐकनारा असतेच जी. मले मालूम हाये. मी ऐकलं हाये." आणि मग जे त्यांनी मामींखेरीज कोणालाच सांगितलं नव्हतं ते मला सांगितलं.

मामाजी गोंदियाच्या एक्स्चेंजात होते तेव्हा देवरीला जाणारी टेलिफोनची तार जंगलातून होती. फांद्या पडायच्या, वानरं लटकायची, आणि बोलता बोलता लाइन तुटायची. मामाजींचं काम असं, की मधूनमधून कानाला लावून कॉल जिवंत आहे का पाहायचं, मेला असेल तर जोडून द्यायचा, आणि बाजूला व्हायचं. बाजूला व्हायचं, हे खात्याच्या नियमात होतं. पण रविवारी दुपारी देवरीहून एक शाळाबाई गोंदियाला कॉल लावायची. तिची लहान मुलगी इथे आजीजवळ राहायची, आणि शेजाऱ्यांच्या फोनवर येऊन आईला पाढे म्हणून दाखवायची. तीन मिनिटांच्या कॉलमध्ये थोडी चौकशी, थोडं रडणं आणि एक पाढा. मामाजी कॉल तपासायला म्हणून कान लावायचे आणि पाढा संपेपर्यंत काढायचे नाहीत. "बेपासून बारापावतर सगळे मीनं ऐकले जी. चुकली का माह्या जीव खालीवर होये." मग तेराचा रविवार आला. पोरगी 'तेरा सत्ते'ला अडली. पुन्हा मागे गेली, पुन्हा तिथेच अडली. आई वाट पाहत राहिली, तीन मिनिटं संपत आली, आणि मामाजींच्या तोंडून निघून गेलं, "एक्क्याण्णव!"

लाइन एकदम चिडीचूप झाली. मामाजींनी घाबरून प्लगच ओढला. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकणं हा खात्यात मोठा गुन्हा, आणि यांनी तर उत्तर दिलं होतं. पुढच्या आठवड्यापासून त्यांनी रविवारची ड्युटी बदलून घेतली. पण पंधरा दिवसांनी एक बाई एक्स्चेंजच्या दारात आली आणि 'रविवारी दुपारी लाइनवर कोण असते' असं विचारून गेली, हे त्यांच्या कानावर आलं. झालं. तक्रार झाली, चौकशी बसली, आता कागद येणार. नोकरी गेली नाही तर निवृत्तीत अडकवतील, निवृत्तीत नाही तर पेन्शनमध्ये. आणि पेन्शनपेक्षाही, चोरून ऐकणारा म्हणून गावात नाव निघेल. या सगळ्याला पस्तीसेक वर्षं झाली. मी म्हणालो, मामाजी, आता कोण येतंय? त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "तुमी खात्यात नव्हते. सरकारी कागद उशिरानं निघते, पन निघते." मग म्हणाले, "तुमीबी मले पह्यले चौकशीवालेच वाटले होते." तेव्हा मला माझ्या वर्गातल्या त्या शेवटच्या बाकाचा उलगडा झाला, आणि खरं सांगतो, हसू आलं नाही.

नागपूरचं पाहून मला मात्र गोंदियात असा मेळावा भरवायची खुमखुमी आली. बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा माझा मित्र संतोष तयार झाला, एका शाळेने रविवारी चार खोल्या दिल्या, आणि पोहे-तर्रीची सोय संतोषच्या वहिनींनी घेतली. मामाजींना कळल्यावर ते खास शेतावरून आले. "पाहुना नाही, हार नाही, फी नाही. मंग पोहे कोन देऊन राहिला? अन् कायले?" मी म्हणालो, आम्हीच देतोय. "तुमच्या मांगं कोन हाये?" कोणी नाही म्हटल्यावर त्यांचा संशय पक्का झाला. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सात वाजता ते शाळेच्या फाटकात खुर्ची टाकून बसलेले दिसले, मांडीवर डायरी. "मी कार्यक्रमाले आलो नाही. मी पाहाले आलो," हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं.

आत येणाऱ्या प्रत्येकाची उलटतपासणी सुरू झाली. नाव काय, कुठून आले, कायसाठी आले, तुमाले काय येते, ते तुमाले कोनं शिकवलं. संतोष कपाळाला हात लावून म्हणाला, "सर, ये मामाजी तो लोगों को भगा देंगे." पण आमच्याकडच्या माणसाला फाटकातल्या चौकशीची सवय आहे. लोक मुकाट्याने उत्तरं देत होते आणि आत जात होते. आत जाऊन मात्र त्यांनी आम्ही गोलाकार मांडलेल्या खुर्च्या उचलून सरळ रांगा केल्या, पुढची रांग पाहुण्यांसाठी मोकळी सोडली, आणि हात बांधून बसले. एक गृहस्थ येऊन दीपप्रज्वलन केव्हा आहे विचारून गेले. फळा कोरा. मी पुढे होऊन सांगितलं, की इथे सगळेच वक्ते आहेत, या आणि चिठ्ठ्या लावा. सगळे आपापल्या चपलांकडे पाहू लागले. अर्ध्या तासाने पुन्हा सांगितलं. एका काकांनी उठून माझ्या भाषणाबद्दल आभार मानले. साडेदहा झाले, पोहे संपत आले, आणि पोहे संपले की माणसं उठणार हे काय मला कळत नव्हतं? महिनाभर कॉलेजात ज्यांना सांगत फिरलो होतो ते सहकारी दाराशी उभे राहून मजा बघत होते.

संतोष फाटकाकडे गेला तो मामाजींची डायरी घेऊनच परत आला. खुर्ची रिकामी होती, डायरी तिच्यावर पडली होती. त्याने ती माझ्यापुढे उघडली. तीत असं लिहिलेलं: "पांढरा शर्ट, मिशी. नागझिऱ्यात गाइड. वाघाच्या फोटोत जागेचा पत्ता लपलेला असतो, तो पुसता येतो म्हणतो. ह्याला कसं मालूम?" त्याखाली: "दोन पोरी, कॉलेजच्या. धानाच्या पानाचा फोटो पाहून रोग सांगणारं काही बनवलं म्हणतात. नीट चालत नाही असंही म्हणतात, म्हणजे खरं असावं." त्याखाली: "राईस मिलवाला. मिलची मोटर घरून मोबाइलवर बंद करतो. उठून जायला काय होते?" अशी चाळीसेक माणसं. प्रत्येकाला काय येतं आणि कशाची अडचण आहे, सगळं स्वच्छ अक्षरात. चिठ्ठ्या लिहायला जे लाजत होते ते फाटकात सगळं कबूल करून बसले होते. आम्ही दोघांनी भराभर नोंदी चिठ्ठ्यांवर उतरवल्या आणि फळ्यावर लावल्या. आपलं नाव फळ्यावर दिसलं म्हटल्यावर माणसं उठली, आणि दहा मिनिटांत चारही खोल्यांतून आवाज येऊ लागला. गाइडभोवती तर दाराबाहेरपर्यंत गर्दी. आमचा मेळावा मामाजींच्या संशयाने तारला, हे मी आजही सगळ्यांना सांगतो.

पण डायरीतली शेवटची नोंद वाचून मी थबकलो होतो. "देवरीची बाई. निवृत्त शिक्षिका, बसने आली. गोंडी शब्दांच्या वह्या आहेत, त्या फोनात कशा टाकाव्या विचारते." त्याखाली दोन रेघा, आणि पुढे काहीच नाही. मामाजी पाण्याच्या टाकीमागे उभे होते. चेहरा उतरलेला. "जवाई, वयबी तेच हाये. देवरीचीच हाये. कागद घेऊन आली हाये." मी म्हणालो, अहो, शब्दांच्या वह्या आहेत त्या. "वरतं वह्या हायेत. खाली काय हाये ते कोनाले मालूम?" घरी जायचं असेल तर सोडून येतो म्हटलं, तर तेही नको. पळाला असं दिसलं असतं.

तेवढ्यात आणखी एक घोळ झाला. तीनचा रकाना रिकामा राहिला होता, म्हणून, यातलं काहीच माहीत नसलेल्या संतोषने मामाजींना न विचारता चिठ्ठी लावून टाकली, "फोनवर कोण ऐकतं? – मामाजी." मामाजी फळ्यापुढे बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, चिठ्ठी फाडतील. पण म्हणाले, "आता नाही गेलो त संशय येईल." आणि तीन वाजता, फाशीच्या कैद्याने जावं तसे, त्या खोलीत गेले.

खोली भरली होती. देवरीच्या बाई तिसऱ्या बाकावर, वह्यांची पिशवी मांडीवर घेऊन. संतोषने मामाजींच्या हातात शाळेचा माइक दिला. हातात वायर लागलेली वस्तू आली, आणि जन्माची सवय आड आली: मामाजी खाकरले. एक लांब, दोन आखूड.

बाई ताडकन उभ्या राहिल्या. मामाजींकडे एकटक बघत म्हणाल्या, "तेरा सत्ते किती जी?"

लोक हसले. त्यांना वाटलं, शिक्षिकेची सवय. मी हसलो नाही. दार उघडं होतं, त्यांच्या चपला दाराशीच होत्या, आणि कोणीही केव्हाही उठून जावं, कोणी अडवायचं नाही, ही पाटी मीच माझ्या हाताने त्या भिंतीवर लावली होती. मामाजींनी दाराकडे पाहिलं. पाटीकडे पाहिलं. मग साहेबापुढे जबानी द्यायला उभं राहावं तसे पाय जुळवून उभे राहिले आणि म्हणाले, "एक्क्याण्णव."

बाई खाली बसल्या. "तुमीच होते त," त्या म्हणाल्या. "आमाले मालूम होतं भाऊ. पह्यल्या रविवारपासून मालूम होतं. लाइनवर कोनीतरी खाकरत होतं. माही पोरगी खोकलावाले काका म्हने. खाकरनं आयकू आलं का आमाले धीर येये, आता लाइन तुटली तरी कोनी जोडून देनारा हाये. तुटली का मी म्हनत होती, 'भाऊ, जोडून द्या जी,' अन् तुमी जोडून देत होते. तेराच्या दिवशी आमी दोघी येवढ्या हासलो का तोंडातून शब्द निघेना. तेवढ्यात लाइन गेली. दुसऱ्या रविवारी पोरीनं चौदाचा पाढा पाठ केला होता. पन खाकरनं आलंच नाही. तिनं पाढा म्हटला नाही. तुमची वाट पाहात तीन मिनिटं गेली. तुमी कुठं गेले होते जी?"

मामाजींनी माइक तोंडापासून खाली घेतला. म्हणाले, "तुमी एक्स्चेंजवर... माही चौकशी कराले आल्या होत्या."

"चौकशी कायची?" बाई म्हणाल्या. "चारोळी घेऊन आली होती मी तुमच्यासाठी. देवरीची. नाव कोनी सांगितलं नाही, मंग परत घेऊन गेली."

मामाजी माइक हातात धरून तसेच उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पस्तीस वर्षं हा माणूस ज्या कागदाची वाट बघत होता तो कागद नव्हताच. ती एक चारोळीची पुडी होती. मला तेव्हा त्यांची फार कीव आली, आणि त्याहून जास्त, लाज वाटली, की त्यांच्या छत्रीवर आणि टिकल्यांवर मी घरोघर लोकांना हसवत आलो होतो. बाईंची मुलगी आता रायपूरला बँकेत आहे. अजूनही 'तेरा सत्ते'ला क्षणभर थांबते म्हणे, उत्तर कुठूनतरी येईल म्हणून. संध्याकाळी बाईंच्या गोंडी वह्यांचे फोटो संतोषने फोनात घेतले आणि टाइप कसं करायचं ते दाखवलं, आणि तोवर मामाजी त्यांच्या बाजूला बसून प्रत्येक पान उलटून देत होते.

यावरून मामाजी सुधारले असं कोणाला वाटत असेल तर ते त्यांना ओळखत नाहीत. घरी सोडताना मोटरसायकलवर मागून म्हणाले, "जवाई, बाई खरीच होती ना जी? कोनी पाठवली त नसेल?" बिरसीजवळ शेवटचं विमान डोक्यावरून गेलं, तेव्हा त्यांनी छत्रीही उघडली. मात्र जरा उशिराने, विमान पुढे निघून गेल्यावर.

आता मामाजींना कमी ऐकू येतं. एवढ्या लोकांचं ऐकलेला कान, आता त्याच्याशी ओरडून बोलावं लागतं. फोनवर ते खाकरतात, मी ओरडतो, आणि त्यांना अर्धंच कळतं. देवरीच्या बाईंचा रविवारी दुपारी त्यांना फोन येतो. काय बोलतात, माहीत नाही. मामी म्हणतात, बोलत काहीच नाहीत, मामाजी खाकरतात आणि पलीकडून बाई हसतात. माझीही लेक रविवारीच पुण्याहून फोन करते. परवा बोलता बोलता तिचा आवाज मध्येच तुटला. फोन कानाला धरून मी सहज म्हणालो, "भाऊ, जोडून द्या जी." बराच वेळ थांबलो. तिकडे कोणीही खाकरलं नाही.